पाटी काढा, खुरपे हाती द्या

मागच्या श्रावणात एका सकाळी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन घराजवळच्या सार्वजनिक बागेत गेलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. चालता चालता अण्णा थांबले आणि कर्दळीच्या वाफ्याशी उकिडवे बसले. वाफ्यात काँग्रेस गवत कमरेएवढे माजले होते. दोन-तीन रोपे त्यांनी मुळासकट उपटून बाजूला ठेवली असतील, तोच शिट्टी वाजली. ‘काका, बाहेर या तिथून. पाटी वाचली नाही का?’ पाटी समोरच होती: ‘फुलझाडांना हात लावू नये.’ अण्णा हात झटकत उठले. घरापर्यंत काही बोलले नाहीत. जिन्यात एवढेच म्हणाले, ‘गवत काढाय माणूस न्हाई म्हणत्यात, आन् काढाय बसलं तर उठवत्यात.’

त्या रखवालदाराबद्दल माझी तक्रार नाही, त्याने त्याचे काम केले. माझे भांडण त्या पाटीशी आहे.

अण्णांचे आयुष्य माण तालुक्यात गेले. ज्वारी, मटकी, पाऊस बरा झाला तर कांदा. आई गेल्यावर त्यांना आम्ही शहरात, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणले. पहिले चार-पाच महिने ते खुर्चीत बसून राहात. जेवण वाढले तर जेवत, नाही तर मागत नसत. रात्री दोनला उठून दिवा लावत. डॉक्टरांकडे नेले, औषध सुरू झाले, त्याने झोप आली. ते औषध आवश्यकच होते आणि पुढचे सगळे लिहिताना मी ते विसरलेलो नाही. पण अण्णा परत माणसांत आले ते गॅलरीतल्या आठ कुंड्यांमुळे. तीन फूट रुंद गॅलरी, ऊन साडेदहापर्यंत. पत्नीने कढीपत्ता आणि गवती चहा लावला होता. दोन्ही मरायला टेकले होते. एके दिवशी अण्णांनी चमच्याने कढीपत्त्याची माती मोकळी केली, बोटाने ओल पाहिली आणि म्हणाले, ‘उद्या जरा शेणखत मिळतंय का बघ.’ कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून ‘उद्या’ हा शब्द मी ऐकला नव्हता.

या एका शब्दामुळे मी या विषयाच्या मागे लागलो. जे वाचले त्यातले काही पक्के आहे, काही उगाच फुगवलेले. मोबाइलवर फिरणारा एक संदेश सांगतो की मातीत एक जिवाणू असतो, तो नाकातून शरीरात गेला की माणूस आनंदी होतो. मुळात तो प्रयोग उंदरांवरचा आहे. तेवढ्यावर माणसाच्या दुःखाचा निकाल लावणे मला पटत नाही.

भरवशाचे पुरावे साधे आहेत. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्याने तेवीस जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. नुसते झाड दिसले, तरी एवढा फरक. २०११ साली नेदरलँड्समध्ये बागकाम करणाऱ्या तीस जणांना आधी ताण येईल असे काम दिले. नंतर अर्ध्यांनी अर्धा तास आपल्या वाफ्यात काम केले, अर्ध्यांनी आत बसून वाचन केले. लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, दोन्ही गटांत उतरले. वाफ्यात काम करणाऱ्यांचे जास्त उतरले. त्यांचे मनही पूर्वपदावर आले, वाचणाऱ्यांचे उलट आणखी खालावले. मी वाचनावर वाढलेला माणूस आहे, हे स्वीकारायला मला जरा वेळ लागला.

तीस माणसांचा प्रयोग लहानच. पण अशा बावीस अभ्यासांची एकत्र छाननी २०१७ साली झाली, तिचाही कौल त्याच बाजूचा आहे: नैराश्य आणि चिंता कमी होते, समाधान वाढते. बागकामाचा मनाला उपयोग होतो का, हा प्रश्न माझ्या मते आता मिटला आहे. कुणाला होतो आणि कशाने होतो, हे प्रश्न मात्र उरतात. आपल्याकडे ते विचारलेच जात नाहीत, कारण बागकाम म्हणजे मोठ्या गच्चीवाल्यांचा छंद असे आपण ठरवून टाकले आहे.

कशाने होतो, ते आधी पाहू. माती माणसाला बरे करते, असे वाक्य मी अनेक लेखांत वाचले. महाराष्ट्रात बसून हे वाक्य इतक्या सहज लिहिता येणार नाही. मातीत सर्वांत जास्त हात घालणारी माणसे आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात आहेत, आणि तिथून दरवर्षी आत्महत्यांचे आकडे येतात. ऊस तोडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, दिवसभर कंबर वाकवून खुरपणाऱ्या बाईला विचारा मातीने काय दिले. ती कंबर दाखवेल. अण्णांनीही चाळीस वर्षे शेती केली. त्यातल्या किती वर्षांत ती सुखाची होती, हे त्यांनाच माहीत. माती तीच, खुरपेही तेच. शेतात त्या खुरप्यावर कर्जाचे ओझे असते, बाजारभावाचे असते, मुकादमाच्या आवाजाचे असते. आठ कुंड्यांवर यातले काहीच नाही. मिरचीवर मावा पडला तर मिरची जाईल, घर जाणार नाही.

म्हणून मला वाटते की गुण नुसत्या मातीत नाही. हाताला काम असावे, ते काम कसे करायचे हे आपण ठरवावे आणि चुकले तरी त्याची किंमत परवडावी, या तीन गोष्टी एकत्र येतात तेव्हा मन सावरते. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग मला म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. तिथल्या एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले की तुमचे निर्णय तुम्ही घ्या. हवे तर एक रोप निवडा आणि त्याची काळजी स्वतः घ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वृद्धांनाही रोपे दिली, पण पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेवले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक सजग, अधिक हिंडती-फिरती दिसली. झाड दोघांच्याही खोलीत होते. फरक निर्णय आणि झारी कुणाच्या हातात, एवढाच.

आपली सार्वजनिक उद्याने त्या दुसऱ्या मजल्यासारखी आहेत. झाडे आहेत, हिरवळ आहे, चालायला फरशी आहे, हल्ली व्यायामाची यंत्रेही आहेत. झारी मात्र ठेकेदाराकडे. नागरिकाने पाहावे, फेऱ्या माराव्यात, वेळ संपली की बाहेर पडावे. पाहण्याचाही उपयोग होतो, हे उलरिचच्या रुग्णांनी दाखवलेच. पण ज्याला दुपारी चार वाजता काय करावे हेच कळत नाही, त्याला फेऱ्या मारून जे मिळत नाही ते वाफ्यापाशी मिळते: आपल्यावाचून अडणारे काहीतरी.

आता हे कुणाला मिळते ते पाहू. ज्यांच्याकडे गच्ची आहे, टेरेस आहे, निदान ऊन येणारी गॅलरी आहे, त्यांना. त्यांच्यासाठी नर्सऱ्या आहेत, कोकोपीटच्या विटा आहेत, कार्यशाळा आहेत, फेसबुकवर गट आहेत. मी त्याच वर्गातला आहे. मुंबईत पुनर्वसनाच्या इमारतीतले घर २६९ किंवा ३०० चौरस फुटांचे, समोरची इमारत हात लांब केला तर लागेल अशी. त्या घरात ऊन कुठे यायचे? चाळीत निदान सज्जा असे. डालड्याच्या डब्यात तुळस आणि तेलाच्या पत्र्यात ओवा असे. सातव्या मजल्याच्या बंद मार्गिकेत तेही नाही. अंगण तर नाहीच, आणि सार्वजनिक मोकळी जागा म्हणावी तर मुंबईत माणशी दोन चौरस मीटरही भरत नाही. केंद्र सरकारचीच नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वे दहा ते बारा चौरस मीटर सुचवतात.

आणि या इमारतींत कोण राहते? ज्यांचे हात माती ओळखतात अशीच माणसे जास्त. दुष्काळात गाव सोडून आलेली, धुणीभांडी करणारी, रात्रपाळीचा रखवालदार, लेकाकडे राहायला आलेली म्हातारी. शहरातल्या कुठल्याही बांधकामाच्या जागेवर जाऊन पाहा. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांच्या कडेला घेवड्याचा वेल चढवलेला असतो, वाळूच्या ढिगामागे हातभर जागेत मेथी किंवा चुका असतो. इमारत पूर्ण झाली की खोल्या उठतात, वेल तिथेच राहतो. त्या बाईला कुणी बागकामाचे फायदे सांगितले नव्हते. जागा दिसली, तिने बी टोचले.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झाले. महानगरांत मानसिक आजारांचे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा कितीतरी जास्त असल्याचे त्यात दिसले. आजार असलेल्यांतले निम्म्याहून कितीतरी अधिक लोक उपचारांपर्यंत पोहोचत नाहीत, हेही दिसले. मनोविकारतज्ज्ञ एका वर्षात वाढत नाहीत. वाफा मात्र एका पावसाळ्यात तयार होतो. तो तज्ज्ञाची जागा घेईल असे मी म्हणत नाही. तीव्र नैराश्यातल्या माणसाच्या हाती कुंडी देऊन ‘मन रमव’ म्हणणे क्रूर आहे. रोप मेले तर त्याला ते आपल्या अपयशांच्या यादीत आणखी एक वाटेल. अण्णांचा पहिला टोमॅटो मेला तेव्हा ते दोन दिवस गप्प होते, आणि तेव्हा त्यांचे औषध चालू होते. अशा वेळी शेजारच्या वाफ्यातला कुणी तरी ‘माझाही गेला, यंदा करपा आहे’ असे म्हणणारा हवा. चौथ्या मजल्यावरच्या एकट्या गॅलरीत तो नसतो. म्हणूनच मला कुंड्या पुरेशा वाटत नाहीत, सार्वजनिक वाफे हवेत.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर इंग्लंडचा १९०८ चा कायदा पाहावा. त्यात अशी तरतूद आहे की परिसरातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर स्थानिक संस्थेला बागकामासाठी जमीन देण्याचा विचार करावाच लागतो. सहा जणांच्या सह्या पुरतात. तिथला जुना वाफा सुमारे अडीचशे चौरस मीटरचा. तेवढी जागा आपल्याकडे मागणे वेडेपणाचे होईल. पण सिंगापूरकडे आपल्यासारखीच जमिनीची चणचण आहे. तिथे उद्यानांमध्ये नागरिकांना भाड्याने वाफे देतात आणि वाफा असतो अडीच मीटर लांब, एक मीटर रुंद. म्हणजे एक सतरंजी. शिवाय २०१६ पासून तिथे वृद्धांसाठी, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी खास उपचार-उद्याने उभी राहिली आहेत. आपल्या बागेतल्या एका लॉनच्या तुकड्यावर, जिथे चालू नये अशी पाटी आहे, असे पन्नास वाफे सहज बसतील.

फिलाडेल्फिया शहराचा दाखला मला सगळ्यांत बोलका वाटतो, कारण तिथे गरीब वस्त्यांचाही विचार झाला. शहरात ५४१ ओसाड भूखंड निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. काही भूखंडांवर राडारोडा उचलून गवत आणि झाडे लावली, काहींचा नुसता कचरा उचलला, काही तसेच सोडले. आसपास राहणाऱ्यांना आधी आणि नंतर विचारले. हिरव्या केलेल्या भूखंडांशेजारी ‘उदास वाटते’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण, न बदललेल्या भूखंडांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटले; गरीब वस्त्यांत त्याहूनही जास्त. नुसता कचरा उचलल्याने असा ठोस फरक पडला नाही. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे रहिवाशांनी स्वतः खणले नव्हते, त्यामुळे माझ्या झारीच्या मुद्द्याला तो थेट पुरावा नाही. पण पत्रे ठोकून ठेवलेले सुविधा भूखंड, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागा, आपल्या प्रत्येक उपनगरात आहेत. त्यांच्याकडे पाहून शेजारच्या माणसाच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार हा अभ्यास वाचल्यापासून मी थांबवू शकलेलो नाही.

माझी मागणी मोजकी आहे. प्रत्येक सार्वजनिक उद्यानाचा दहावा हिस्सा अडीच बाय एक मीटरच्या वाफ्यांसाठी राखावा. वाफा वर्षभरासाठी, सोडतीने, नाममात्र शुल्कावर. ज्येष्ठांना, जवळच्या लहान घरांत राहणाऱ्यांना आणि महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेल्यांना प्राधान्य. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०२१ पासून सात ठिकाणी अशी हिरवी चिठ्ठी देण्याचा प्रयोग केला. आपल्या दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळीबरोबर ती देता येईल. जिथे उद्यान नाही तिथे पडीक सुविधा भूखंड द्यावा. आणि बागेतले आजचे माळी ठेक्यावरून काढून टाकू नयेत, त्यांना शिकवणारे करावे. मातीची जाण त्यांच्याइतकी कुणाला असणार?

हरकती येतील, आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत. पाण्याची घ्या. अडीच चौरस मीटरच्या वाफ्याला भर उन्हाळ्यात दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी लागते. पालापाचोळ्याचे आच्छादन असले तर त्याहून कमी. तेवढेच पाणी आज त्याच जागेवरचे लॉन पिते, आणि त्या लॉनवर कुणी बसूही शकत नाही. अतिक्रमणाची भीती मला जास्त खरी वाटते. आज वाफा, उद्या कुंपण, परवा पत्र्याची शेड आणि फ्लेक्सवर कुणाचा तरी फोटो. म्हणून वाफ्याला कुंपण नको, बांधकाम नको, दरवर्षी सोडत नव्याने. भाजी चोरीला जाईल? जाईल थोडी. पहाटे पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद तोडणारे आजही आहेत. त्यांनाही एक वाफा मिळाला तर हवाच आहे.

माती आणि पाण्याच्या शुद्धतेबद्दल मात्र तडजोड नको. मुंबईत रेल्वेमार्गांच्या कडेने पिकणाऱ्या पालक-माठाबद्दल नाल्याच्या पाण्याची भीती वर्षानुवर्षे बोलली गेली आहे. राडारोडा पडलेल्या भूखंडात थेट जमिनीत भाजी लावू नये; विटांचे उंच वाफे करावेत. त्यासाठी गाड्या भरून माती लागते असेही नाही. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाच्या कामातून दाखवून दिले होते की पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि मूठभर माती यांतून थोड्या जागेत भरघोस पीक घेता येते. त्याच विचाराने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर कर्मचाऱ्यांनी खरकट्याच्या आणि पाल्याच्या खतावर फळझाडांची बाग उभी केली. गोदीतल्या गच्चीवर जमते ते उपनगरातल्या भूखंडावर का जमू नये? पुणे महापालिका गांडूळखत, सौर ऊर्जा आणि पावसाच्या पाण्याचे संधारण करणाऱ्यांना मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते. खताला सवलत आहे, मग त्या खतावर काही पिकवायला जागाही मिळायला हवी.

सोसायट्यांच्या गच्च्यांबद्दलही लिहायला हवे, कारण तिथे सरकारला दोष देता येत नाही. आमच्या समितीकडे अण्णांसाठी गच्चीचा एक कोपरा मागितला तेव्हा ‘गळती होईल’ असे उत्तर मिळाले. गळतीची भीती खोटी नाही. मुळे स्लॅबमध्ये जातात, ओल झिरपते. पण पायावर उचललेले ट्रे, खाली जाळी आणि हलके मिश्रण असेल तर पाणी स्लॅबवर थांबत नाही. हे कागदावर काढून दाखवले. कागद पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत येईल असे सांगितले, त्याला आता वर्ष झाले. त्याच गच्चीवर मोबाइल टॉवरचा लोखंडी सांगाडा उभा आहे. त्याने सोसायटीला भाडे मिळते. अण्णांच्या कोथिंबिरीने मिळणार नाही. हा हिशेब मी समजू शकतो, तो मान्य करू शकत नाही.

शिट्टीच्या त्या सकाळनंतर मी बागेत जाणे टाळत होतो. अण्णाच एक दिवस एकटे गेले आणि रखवालदाराशी बोलत बसले. तो निघाला लातूरकडचा. गावी दीड एकर, तीही वाटणीत अडकलेली. त्याच्या बायकोने बागेच्या पंपघरामागे चार गवारीची रोपे लावली आहेत, हे त्याने अण्णांना हळूच दाखवले.

दिवाळीनंतर आम्ही एक अर्ज लिहिला. बागेच्या आग्नेय कोपऱ्यात, जिथे आज काँग्रेस गवत आणि मोडके बाक आहेत, तिथे वीस वाफ्यांची जागा मागितली. अर्जावर सहा सह्या आहेत: अण्णा, मी, तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले काका आणि त्या रखवालदाराची बायको. आपल्या कायद्यात सहा सह्यांना काही अर्थ नाही, हे मला ठाऊक आहे. अर्जाची पोच मिळाली, उत्तर नाही. अण्णांनी मात्र अर्ज दिला त्याच दिवशी जुन्या थर्मोकोलच्या खोक्यात वांग्याचे बी टाकले. रोपे आता वीतभर झाली आहेत आणि अण्णा रोज सकाळी विचारतात, ‘कागद आला का? आणखी आठवडाभरात लावाय पायजेत.’